वचन अर्ध्यावर तोडू नका

पिंपरी-चिंचवडमधल्या माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो,

आपल्यातल्या कुणाचं मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, कुणाचं मराठवाड्यात. कुणी केरळातून आलं, कुणी तमिळनाडू, आंध्र किंवा गोव्यातून. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज आणि पुढे चाकणच्या कंपन्यांनी आपल्याला इथे आणलं. रविवारी कुणी मराठी उपासनेला बसतं, कुणी मल्याळम, कुणी इंग्रजी मिस्साला. भाषा वेगळ्या, चर्चही वेगळी, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी ऐकू येते. लग्न असो, महिला मंडळाची सभा असो की नवरा-बायकोच्या भांडणात मध्यस्थी करायला बसलेले वडीलधारे असोत, बाईला एक वचन हमखास सांगितलं जातं: पत्नीनं पतीच्या अधीन असावं. इफिसकरांस पत्र, अध्याय पाचवा, वचन बाविसावं. तिथेच पुस्तक मिटतं.

माझी विनंती एवढीच आहे की पुस्तक तिथे मिटू नका. एक वचन मागे जा आणि अकरा वचनं पुढे जा.

एकविसाव्या वचनात पौल सगळ्या मंडळीला सांगतो की ख्रिस्ताचं भय धरून तुम्ही एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या, म्हणजे नवऱ्यानंही. बाविसावं वचन त्याच वाक्याला लागून आहे. मूळ ग्रीकमधल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत तर बाविसाव्या वचनात 'अधीन असा' हे क्रियापदच नाही. ते मागच्या वचनातून घ्यावं लागतं. मग हे दोन तुकडे झाले कसे? पौलानं पत्र लिहिलं तेव्हा त्यात वचनांचे आकडे नव्हते, परिच्छेदांचे मथळे नव्हते. नव्या करारातले आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकानं १५५१ साली घातले, आणि 'पती व पत्नी' अशा धर्तीचे मथळे त्याहून नंतरच्या छापणाऱ्यांनी. बऱ्याच आवृत्त्यांत हा मथळा नेमका एकवीस आणि बावीसच्या मध्ये येतो. डोळा मथळ्यापासून वाचायला लागतो आणि 'एकमेकांच्या' हा शब्द मागच्या परिच्छेदात राहून जातो.

आता पुढे जा. बायकोला उद्देशून तीन वचनं आहेत. नवऱ्याला उद्देशून पंचविसाव्यापासून अध्यायाच्या शेवटापर्यंत. ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला अर्पण केलं, तशी प्रीती नवऱ्यानं करायची आहे. स्वतःच्या शरीराचं पोषण करतो तसं तिचं करायचं आहे. ज्या काळात घरच्या कर्त्याचा बायको-मुलांवर आणि दासांवर पूर्ण ताबा असे, त्या काळात नवऱ्याला एवढं बजावणारं पत्र ऐकून इफिसच्या सभेत बसलेले पुरुष चमकले असतील. आपल्याकडे मात्र ऐकणाऱ्यांत फक्त बायका असाव्यात, असंच ते वाचलं जातं.

वाचन अर्धवट राहतं तसा कधी कधी शब्दही अर्धा पोचतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव आदामासाठी जी घडवतो तिला इंग्रजीत 'हेल्पर' म्हटलं आहे. आपल्या भागात हेल्पर कोणाला म्हणतात ते भोसरीपासून चाकणपर्यंत प्रत्येक कंपनीच्या गेटवर कळतं. फिटर वर, ऑपरेटर वर, हेल्पर सगळ्यांच्या खाली. झाडू मारणारा, माल उचलणारा, कधीही काढून टाकता येईल असा. इंग्रजी मिस्साला बसलेल्या मुलीच्या कानावर हा शब्द पडला तर तिच्या मनात कोणतं चित्र उभं राहील? मूळ हिब्रू शब्द आहे 'एझर', आणि जुन्या करारात तो बहुतेक ठिकाणी खुद्द देवासाठी आला आहे. मराठी वाचकाला हे कळायला हिब्रूही शिकावं लागत नाही. आपल्या पवित्र शास्त्रात उत्पत्तीमध्ये 'अनुरूप साहाय्यक' आहे, आणि एकशे एकविसाव्या स्तोत्रात पर्वतांकडे डोळे लावून भक्त विचारतो ते 'साहाय्य' कुठून येईल असंच. देवाकडून येणारं साहाय्य आणि स्त्रीचं साहाय्य मुळात एकाच शब्दाचं आहे. आणि 'अनुरूप'च्या मागे जो हिब्रू शब्द आहे त्याचा अर्थ समोरासमोर उभं राहणारं, बरोबरीचं. संकटात देव धावून येतो तेव्हा तो आपल्या हाताखालचा ठरत नाही. मग बाईच तेवढी हाताखालची कशी ठरते?

उत्पत्तीच्याच तिसऱ्या अध्यायाचंही तसंच. नवरा तुझ्यावर स्वामित्व चालवील, असं देव हव्वेला सांगतो ते पापानंतर, जग कसं बिघडलं ते सांगताना. त्याच ठिकाणी आदामाला काटेकुसळं आणि घाम सांगितला आहे. शेतातले काटे उपटू नका, शॉपफ्लोअरवर पंखे लावू नका, कारण घाम गाळणं ही देवाची आज्ञा आहे, असं कुठल्याही पाळकानं आजवर सांगितलेलं नाही. पुरुषाच्या वाट्याचा शाप हलका करणं चालतं आणि स्त्रीच्या वाट्याचा तेवढा आज्ञा म्हणून पाळायचा, हा न्याय शास्त्रातला नाही.

हव्वेला सांगितलेल्या याच वचनाची भाषांतरं कशी बदलतात पाहा. भारतातल्या कॅथोलिक चर्चमध्ये २०२० पासून इंग्रजी मिस्साच्या वाचनांसाठी 'ईएसव्ही' हे भाषांतर वापरतात. त्याच्या संपादकांनी २०१६ साली या वचनात एक छोटासा बदल केला. स्त्रीची ओढ नवऱ्याकडे असेल, याऐवजी तिची इच्छा नवऱ्याच्या विरोधात असेल, असा अर्थ झाला. २०२५ साली त्यांनीच तो बदल मागे घेतला. दोन-तीन शब्दांचा फेर, पण तेवढ्यात बाई एकदा जिवाभावाची ठरते आणि एकदा कुरघोडी करणारी. मूळ हिब्रू तेच राहिलं, टेबलाभोवती बसलेल्या माणसांचा निर्णय बदलला. भाषांतर करणारे बहुतेक जण प्रामाणिक आणि विद्वान असतात, याबद्दल मला शंका नाही. पण ती माणसं आहेत, आणि शतकानुशतकं ते सगळे पुरुष होते.

मराठीतही हेच झालं. विल्यम कॅरी आणि त्यांच्या पंडितांनी १८११ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) नवा करार मोडी लिपीत छापला. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी, बायबल सोसायटीच्या समित्यांनी तो तपासला, सुधारला. या कामाचं मोल फार मोठं आहे. बाबा पदमनजींसारखा माणूस त्यात होता, ज्यानं १८५७ सालीच 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचं दुःख मांडलं होतं. तरीही टेबलाभोवती बाई नव्हती.

ती आली ती पंडिता रमाबाईंच्या रूपानं. त्यांच्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण जगातल्या फार थोड्या भाषांना जे मिळालं ते मराठीला मिळालं आणि आपण ते कपाटात ठेवून विसरलो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यावरून गदारोळ झाला आणि त्यांना उडुपीला धर्मपीठापुढे जाब द्यावा लागला. त्यांनी ग्रंथ उघडून दाखवलं की स्त्रीनं संस्कृत शिकू नये असं शास्त्रात नाही. लोक जे शास्त्र म्हणून सांगत होते ते शास्त्रात नव्हतं. मुलगी हे पाहत, ऐकत वाढली. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आई-वडील गेले, भावाबरोबर पायी हिंडत ती १८७८ साली कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. लग्न झालं, दीड-दोन वर्षांत नवरा कॉलऱ्यानं गेला, लहानगी मनोरमा पदरात. १८८२ साली रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या.

तिथे फुलहॅममध्ये ख्रिस्ती भगिनी ज्या स्त्रियांना समाजानं टाकून दिलं होतं त्यांच्यासाठी काम करत होत्या. असं काम या बायका का करतात, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, येशू आणि शोमरोनी स्त्री. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे की तो अध्याय ऐकताना त्यांना वाटलं, भारतातल्या आणि साऱ्या जगातल्या दबलेल्या स्त्रीला वर उचलील असा हाच. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपण तोच अध्याय कसा ऐकतो ते आठवा. 'पाच नवरे केलेली पापी बाई.' बहुतेक प्रवचनं इथून सुरू होतात. अध्याय उघडून बघा, येशू तिला पापी म्हणत नाही. तिला क्षमा केली असंही म्हणत नाही, कारण तो विषयच तिथे नाही. त्या काळी सोडचिठ्ठी देण्याचा हक्क मुख्यतः पुरुषाच्या हाती होता. पाच वेळा ती विधवा झाली असेल किंवा टाकली गेली असेल. शुभवर्तमानांत येशूचं कोणा एका व्यक्तीशी झालेलं सर्वांत लांब संभाषण हे आहे, आणि ते खरी भक्ती कशी करावी यावर आहे. घागर तिथेच टाकून ती गावात जाते आणि तिच्या शब्दावरून गाव विश्वास ठेवतं. एका वाचणाऱ्याला त्यात चारित्र्य दिसलं, रमाबाईंना सुटका दिसली. पान मात्र एकच होतं.

इंग्लंडमध्येच त्यांना दुसरी बाजूही भेटली. त्या संस्कृत आणि मराठी शिकवणार होत्या, वर्गात तरुण पुरुष असणार होते. भारतातल्या बिशपांकडून हरकत आली: हिंदुस्थानी बाईनं पुरुषांना शिकवणं बरं नाही. रमाबाईंनी तिथल्या महिला कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांना जे लिहिलं ते आजही अंगावर काटा आणतं. माझ्या वडिलांनी आईला तरुणांना शिकवताना अडवलं नाही, माझ्या नवऱ्यानं मला अडवलं नाही, आणि हे इंग्रज लोक अडवतात याचं मला नवल वाटतं, अशा अर्थाचं ते पत्र आहे. आपण ख्रिस्ताचा स्वीकार केला आहे, प्रत्येक धर्मगुरूच्या प्रत्येक शब्दाचा नाही, हे त्यांनी वेळोवेळी स्पष्ट सांगितलं. बाप्तिस्मा घेताना त्यांनी आपली विवेकबुद्धी कुणाच्या स्वाधीन केली नव्हती.

म्हणूनच पुढे त्यांनी बायबलचं भाषांतर स्वतः करायला घेतलं. शारदा सदन १८८९ साली सुरू झालं. दुष्काळात वाचवलेल्या मुलींसाठी केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. तिथल्या शेकडो मुली-बायकांना तेव्हाचं मराठी बायबल जड जात होतं. शिकलेल्यांची, संस्कृतानं भरलेली भाषा. रमाबाईंना साध्या बाईला वाचून कळेल असं बायबल हवं होतं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुळावरून भाषांतर केलं. केडगावच्याच छापखान्यात मुक्तीमधल्या स्त्रियांनी खिळे जुळवले आणि पानं छापली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतराचं काम पुरं झालं होतं. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. एका स्त्रीनं एकटीनं मूळ भाषांवरून केलेलं संपूर्ण बायबल म्हणून त्याआधीचं मोठं नाव अमेरिकेतल्या जुलिया स्मिथ यांचं, १८७६ सालचं. जगातली ही यादी फार छोटी आहे, आणि तिच्यात मराठी आहे.

रमाबाईंनी वचनं बायकांच्या सोयीनं वाकवली असं मात्र समजू नका. वचनावर त्यांची अपार श्रद्धा होती. त्यांनी केलं ते इतकंच की बाईच्या आणि वचनाच्या मध्ये समजावून सांगणारा माणूस उभा असायलाच हवा, ही गरज संपवली. ते मला फार मोठं वाटतं. आणि याच परंपरेत लक्ष्मीबाई टिळकांचंही नाव घ्यायला हवं. १९१९ साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्यांना लहानपणी कुणी धड शाळेतही घातलं नव्हतं त्या बाईंनी. मराठी ख्रिस्ती घरांत बायकांनी शास्त्र वाचावं, पण सांगू नये, असं म्हणणाऱ्यांनी या दोन बायकांचं काय करायचं ते ठरवावं.

आता पौलाकडे परत येऊ, कारण बायकांना गप्प बसवायला त्याचंच नाव घेतात. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय कधी सबंध वाचला आहे? नुसती नमस्कार-चमत्कारांची यादी म्हणून आपण तो सोडून देतो. यादीतलं पहिलं नाव बाईचं आहे, फिबी. तिच्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द 'दियाकोनोस' हाच पौल स्वतःसाठी वापरतो. पुरुषाला तो लागला की बऱ्याच भाषांतरांत तो डीकन किंवा सेवक म्हणजे अधिकाराचं पद होतो. फिबीला लागला की सेविका, आणि सेविका म्हटल्यावर आपल्यासमोर प्रभुभोजनानंतर भांडी विसळणारी बाई येते. रोमला जाणारं ते पत्र फिबीच घेऊन गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. सातव्या वचनात युनिया आहे, प्रेषितांमध्ये नावाजलेली. चौथ्या शतकातला योहान क्रिसोस्तोम ही बाईच आहे असं धरून तिचं कौतुक करतो. पुढे मात्र बाई प्रेषित कशी असेल, म्हणून तिचा पुरुष केला गेला. लूथरच्या जर्मन भाषांतरात ती पुरुष झाली, १९४६ आणि १९७८ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांतही 'युनियास' झाली. असं पुरुषाचं नाव त्या काळच्या एकाही शिलालेखात सापडलेलं नाही. १९८९ च्या 'एनआरएसव्ही'नं तिला तिचं नाव परत दिलं.

प्रिस्किल्लाचंही तसंच. प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात ती आणि तिचा नवरा अक्विल्ला अपुल्लोससारख्या विद्वानाला घरी नेऊन शिकवतात. जुन्या हस्तलिखितांत तिथे नाव आधी तिचं आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरानं ज्या प्रतीवरून काम केलं तिच्यात नवऱ्याचं आधी आहे.

वाचनांच्या तक्त्यातूनही नावं गळतात. कॅथोलिक चर्चच्या दररोजच्या वाचनांत रोमकरांसचा सोळावा अध्याय येतो तो तिसऱ्या वचनापासून. फिबीची दोन वचनं त्यात नाहीत. ईस्टरच्या रविवारी योहानाचा विसावा अध्याय नवव्या वचनाला थांबतो. मरीया मग्दालीया पुनरुत्थित प्रभूला भेटते ते पुढचं वाचन मंगळवारी येतं, जेव्हा आपल्यातले बहुतेक जण फर्स्ट शिफ्टला असतात. मग्दालीया वेश्या होती, हे आपल्याला पाठ असतं, आणि ते बायबलमध्ये कुठेही नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तीन वेगवेगळ्या बायका एकीत मिसळल्या, तिथून ते चालत आलं. २०१६ साली व्हॅटिकननं तिचा दिवस प्रेषितांच्या सणाच्या दर्जाला नेला. चौदाशे वर्षांनी.

तरीही सगळं भाषांतरकारांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. तीमथ्याला पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, बाईनं शिकवू नये असं आहेच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात सभेत गप्प बसावं असंही आहे. प्रामाणिक आणि भक्तिमान माणसं या वचनांचा अर्थ सर्व काळांसाठी लावतात. मी तसा लावत नाही, आणि का ते सांगते. तोच पौल त्याच करिंथकरांस पत्रात, तीनच अध्याय आधी, बायकांनी सभेत प्रार्थना आणि भविष्यवाद करताना डोक्यावर काय असावं ते सांगतो. जी गप्प बसणार तिनं बोलताना पदर घ्यावा की नाही याची चर्चा कशाला? तीमथ्य पत्र वाचत होता तेव्हा इफिसमध्ये होता, म्हणजे ज्या शहरात प्रिस्किल्लानं अपुल्लोसला शिकवलं त्याच शहरात. आणि 'अधिकार चालवणे' म्हणून जे क्रियापद तिथे आहे ते नव्या करारात दुसरीकडे कुठेच नाही. १६११ च्या इंग्रजांनी त्याचा अर्थ अधिकार बळकावणं असा केला, नंतरच्यांनी नुसता अधिकार असणं असा. बळकावू नये हे स्त्रीलाही लागू आणि पुरुषालाही. असू नये हे फक्त स्त्रीला. एवढं मोठं ओझं एका अनिश्चित शब्दावर टाकून अर्ध्या मंडळीचं तोंड बंद करणं मला पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर निदान अकरावं वचनही मोठ्यानं वाचा: बाईनं शिकावं, ही तिथली आज्ञा आहे.

हा वाद पंडितांपुरता असता तर मी लिहिलं नसतं. याचे परिणाम घरात, कोर्टात आणि सातबाऱ्यावर दिसतात. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागे. तो कायदा लिहिणारे स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं, प्रगती वर्गीस यांच्या खटल्यात, क्रूरता आणि परित्याग ही स्वतंत्र कारणं मान्य केली, आणि २००१ साली संसदेनं कायदाच बदलला. बिशपांच्या परिषदेनं २०१० साली कॅथोलिक चर्चसाठी स्त्री-पुरुष समतेचं धोरण छापलं. ते आपल्या धर्मग्रामात किती जणांनी पाहिलं आहे?

म्हणून थेट सांगते. बाई अंगावर वळ घेऊन पाळकाकडे, फादरकडे किंवा वडीलधाऱ्यांकडे आली तर तिला बाविसावं वचन देऊन परत पाठवू नका. ते वचन मारणाऱ्या हाताचं रक्षण करण्यासाठी लिहिलेलं नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ख्रिस्ती बाईलाही लागू आहे. कायद्याची प्रक्रिया केल्याशिवाय तिला राहत्या घरातून काढता येत नाही. १८१ हा महिलांचा हेल्पलाइन नंबर चर्चच्या नोटीस बोर्डावर, वाचनांच्या तक्त्याशेजारी लावा. प्रार्थना जरूर करा, पण तिच्याबरोबर पोलीस चौकीपर्यंतही जा.

वडिलांच्या जमिनीचं, फ्लॅटचं वाटप होताना बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला लावताना 'ख्रिस्ती मुलीनं भावाशी वाद घालू नये' असं म्हणू नका. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं मुलगा-मुलगी समान वारस आहेत. विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेलं मुलामुलींत सारखं. केरळातून आलेल्या कुटुंबांना मुलींच्या वारसाहक्काचा, मेरी रॉय यांच्या खटल्यातला १९८६ चा निकाल ठाऊक असेल. आणि शास्त्राचाच आधार हवा असेल तर गणना, अध्याय सत्ताविसावा: सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभं राहून बापाचं वतन मागतात, आणि देव म्हणतो, त्यांचं बरोबर आहे. हा अध्याय आपल्या चर्चमध्ये लग्नाच्या मोसमात एकदा तरी वाचला जावा.

पाळकांना आणि फादरांना माझी विनंती आहे की महिला रविवार वर्षातून एकदा साजरा करून बायकांना व्यासपीठावर आणणं पुरेसं मानू नका. दक्षिण भारताच्या चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते. कॅथोलिक चर्चमध्ये पुरोहितपद नसलं, तरी २०२१ पासून वाचकाची सेवा स्त्रियांना अधिकृतपणे खुली आहे. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रोडवर ज्ञानदीप ही संस्था आहे. दोन्हीकडे स्त्रिया शिकतात. आपल्या मंडळीतली हुशार मुलगी तिथे पाठवायला एका वर्षाच्या सजावटीचा खर्च वळवा. योशीया राजाच्या काळात मंदिरात नियमशास्त्राचं पुस्तक सापडलं तेव्हा त्याबद्दल देवाला विचारायला राजानं पाठवलेला मुख्य याजक आणि त्याच्याबरोबरची माणसं हुल्दा नावाच्या बाईकडेच गेली होती. आपणही विचारायला शिकू.

पुरुषांनो, घरात रात्रीच्या प्रार्थनेला बसता तेव्हा शास्त्रभाग निवडायचं आणि त्यावर बोलायचं काम बायकोकडे आणि मुलीकडेही द्या. आणि ऐका.

बहिणींनो, तुमच्याकडे मी थोडं जास्त मागते आहे. घरात बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र असेलच. त्याच्या जोडीला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' ठेवा. इंग्रजी येत असेल तर एक इंग्रजी भाषांतरही घ्या. एखादं वचन तुमच्यावर फेकलं गेलं, की दोन्ही उघडून सबंध अध्याय वाचा. दोन ठिकाणी शब्द वेगळे दिसले तर ते का वेगळे आहेत हे पाळकांना आदरानं, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा. सोयीच्या दिवशी पुण्याहून दौंडच्या गाडीत बसा, केडगावला उतरा, जिथे बायकांनी आपलं बायबल छापलं ती जागा मुलींना दाखवा. आणि महिला मंडळाची येती बैठक गाण्यांनी नेहमीप्रमाणे सुरू झाली की रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा, पहिल्या वचनापासून शेवटच्यापर्यंत, प्रत्येकीनं एकेक नाव मोठ्यानं वाचून.